अमीबा चालतो कसा आणि मोडतो कोणत्या घराण्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येतात: शाळा-कॉलेजची मुलं, त्यांना शिकवणारे, आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेले. तिघांची गरज वेगळी, त्यामुळे काही उत्तरं दोन ओळींत आटोपली आहेत आणि काही चांगली लांबली आहेत.

अमीबा हा एकच जीव आहे की अनेक?

पुस्तकातल्या चित्रात असतो तो अमीबा प्रोटिअस, ही एक जात. पण प्रयोगशाळेत, दवाखान्यात आणि बातम्यांत ज्यांना सरसकट अमीबा म्हटलं जातं ते शेकडो वेगवेगळे एकपेशीय जीव आहेत. शरीराचा भाग पुढे काढून, म्हणजे छद्मपाद काढून सरकायचं, एवढंच त्यांच्यातलं साम्य. काही एकमेकांचे सख्खे भाऊबंद आहेत, तर काही इतके दूरचे, की त्यांच्या मानाने माणूस आणि अळंबी जवळचे नातेवाईक ठरतात. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

अमीबा प्रोटिअस पाव ते पाऊण मिलिमीटर भरतो. काळ्या कागदावर काचेची बशी ठेवून बाजूने प्रकाश टाकला तर मोठा अमीबा पांढुरक्या ठिपक्यासारखा दिसू शकतो, पण तो अमीबाच आहे हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागतोच. केऑस कॅरोलिनेन्स नावाचा त्याचा थोराड नातेवाईक १ ते ५ मिलिमीटर वाढतो आणि त्याच्या एकाच पेशीत शेकडो केंद्रकं असतात. उलट, माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या एन्टअमीबाची पुटी, म्हणजे कवचात निजलेली पेशी, जेमतेम १० ते १५ मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी.

सगळ्यात आधी कुणी पाहिला?

डबक्यातल्या सूक्ष्मजीवांचं जग लेव्हेनहूक यांनी १६७० च्या दशकात उघडलं, पण अमीबाचं पहिलं ओळखू येण्याजोगं वर्णन आणि चित्र १७५५ सालचं. ते केलं न्यूरेंबर्गच्या रोझेल फॉन रोझेनहोफ यांनी. पेशाने ते सूक्ष्मचित्रकार होते, कीटकांची चित्रं काढून पोट भरायचे. क्षणोक्षणी आकार बदलणाऱ्या या जीवाला त्यांनी ग्रीक पुराणातल्या रूपं पालटणाऱ्या समुद्रदेवाचं, प्रोटिअसचं नाव दिलं. हा मान चित्रकाराला मिळाला याचं नवल वाटायला नको. ज्याला आकारच नाही त्याचं चित्र काढायचं तर तासन्‌तास बघत बसावं लागतं.

हातपाय नाहीत, मग अमीबा पुढे सरकतो कसा?

जिवंत अमीबा पाहिला तर आधी नजरेत भरतात ते कण. पेशीच्या मधोमध कणांचा एक ओघ पुढच्या दिशेने वाहत असतो. हा आतला पातळ भाग म्हणजे अंतःप्रद्रव्य. भोवती एक घट्टसर नळी असते, त्या नळीतले कण जागच्या जागी थांबलेले दिसतात. हे बाह्यप्रद्रव्य. छद्मपादाच्या अगदी टोकाशी काचेसारखी स्वच्छ टोपी असते, तिच्यात कण शिरत नाहीत. ओघ टोपीपाशी पोचला की कण दोन्ही बाजूंना फाकतात, कडेला जातात आणि तिथेच गोठल्यासारखे थांबतात. म्हणजे पातळ द्रव्य पुढच्या टोकाला घट्ट होऊन नळीची भिंत लांबवत जातं. त्याच वेळी शेपटाकडची भिंत विरघळून पुन्हा पातळ होते आणि ओघात सामील होते. अमीबा आपला रस्ता पुढे बांधतो आणि मागे मोडतो, म्हणा ना.

या घट्ट-पातळ होण्यामागे ॲक्टिन नावाचं प्रथिन आहे. ॲक्टिनचे सुटे मणी एकमेकांना जोडले की धागे होतात आणि धाग्यांची जाळी झाली की द्रव्य घट्ट होतं. जाळी मोडली की पुन्हा पातळ. मायोसिन हे दुसरं प्रथिन त्या धाग्यांना ओढून जाळी आवळतं. हीच जोडी आपल्या दंडाच्या स्नायूतही काम करते. अमीबाचं ॲक्टिन आणि आपलं ॲक्टिन इतकं सारखं आहे, की अमीबाच्या हालचालीवरचं बरंच संशोधन स्नायू समजून घ्यायलाही उपयोगी पडलं.

आणखी एक गोष्ट वरून बघताना कळत नाही. अमीबा पोट घासत सरकतो असं वाटतं, पण ओ. पी. डेलिंजर यांनी १९०६ साली त्याला बाजूने पाहिलं, तेव्हा तो काचेवर मोजक्या ठिकाणीच टेकलेला आढळला. छद्मपाद पुढे उचलायचा, टेकवायचा, मागची टेक सोडायची. जवळजवळ चालणंच ते.

तो मागून ढकलला जातो की पुढून ओढला जातो?

यावर विसाव्या शतकात जोरदार वाद झाला आणि तो वाचण्यासारखा आहे. १९२६ साली एस. ओ. मास्ट यांनी मांडलं, की शेपटाकडची घट्ट भिंत आवळते आणि आतलं पातळ द्रव्य पुढे रेटलं जातं, जशी टूथपेस्टची ट्यूब मागून पिळावी तशी. पटायला सोपं, त्यामुळे पुस्तकांत लगेच रुजलं.

१९६० मध्ये रॉबर्ट ॲलन आणि सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग केला. केऑस जातीचा मोठा अमीबा बारीक नळीत ओढून घेतला आणि त्याचं पटल, म्हणजे पेशीचा बाहेरचा पातळ पडदा, फोडलं. आता पिळायला पिशवीच उरली नव्हती. तरीही आतलं द्रव्य वाहत राहिलं, तेही एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी. नुसत्या दाबाने हे होणं शक्य नाही. त्यावरून ॲलन यांनी १९६१ साली मांडलं, की आकुंचन पुढच्या टोकाला होतं, कण जिथे कारंज्यासारखे फाकतात तिथेच, आणि तेच मागच्या द्रव्याला ओढतं.

आज कुणा एकालाच विजयी ठरवता येत नाही. सरपटणाऱ्या बहुतेक पेशींत पुढच्या कडेला ॲक्टिनची जाळी वाढून पटल पुढे सरकतं आणि मागच्या बाजूला मायोसिन आवळून शेपूट सोडवून घेतं. कोणत्या बाजूचा जोर जास्त हे पेशीगणिक, आणि ती कशावरून सरकते आहे त्यावर, बदलतं. परीक्षेत एकच सिद्धांत लिहायला सांगितला तर खुशाल लिहा, पण तो शेवटचा शब्द आहे असं समजू नका.

वेग किती असतो?

अमीबा प्रोटिअस मिनिटाला मिलिमीटरचे काही दशांश एवढंच अंतर कापतो. पॅरामेशियम हा डबक्यातला दुसरा एकपेशीय जीव एका सेकंदात मिलिमीटरभर जातो, म्हणूनच स्लाइडवर तो नजरेतून सारखा निसटतो. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पांढऱ्या पेशी अमीबासारख्याच सरपटतात, मिनिटाला साधारण १० ते २० मायक्रोमीटर. जंतूंपर्यंत पोचायला तेवढं पुरतं.

सगळे छद्मपाद सारखेच असतात का?

नाही, आणि इथे विषय रंगतो. अमीबा प्रोटिअसचे छद्मपाद बोथट, बोटांसारखे. काहींचे बारीक धाग्यासारखे. हेलिओझोआ नावाच्या एकपेशीयांचे ताठ, सूर्यकिरणांसारखे चहूबाजूंना फाकलेले, कारण त्यांच्या आत सूक्ष्मनलिकांचा, म्हणजे प्रथिनाच्या बारीक नळ्यांचा, कणा असतो. आणि फोरॅमिनिफेरांचे तर जाळ्यासारखे. धागे एकमेकांना मिळतात, पुन्हा सुटतात, आणि प्रत्येक धाग्यावर कण एकाच वेळी दोन्ही दिशांना धावत असतात.

फोरॅमिनिफेरा हे समुद्रातले एकपेशीय जीव. त्यातले बरेच चुन्याचं, अनेक कप्प्यांचं कवच बांधतात. कवच गोगलगायीसारखं दिसतं, म्हणून आल्सीद दोर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२६ साली त्यांना चक्क माकूळ-नळ यांच्या वर्गात टाकलं होतं. १८३५ साली फेलिक्स द्यूजार्दँ यांनी ते जिवंत असताना पाहिले. कवचातून बाहेर येत होते ते अवयव नव्हतेच, नुसते वाहत्या जिवंत द्रव्याचे धागे होते. एका निरीक्षणात अख्खा गट मृदुकाय प्राण्यांतून उठून एकपेशीयांत आला.

या गटाने दगडही घडवले आहेत. गिझाच्या पिरॅमिडांच्या चुनखडीत न्युम्युलाइट नावाच्या फोरॅमिनिफेरांची नाण्यासारखी कवचं खच्चून भरली आहेत. तिथले लोक त्यांना मजुरांच्या जेवणातली दगड झालेली मसूर समजत, अशी नोंद प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबोने करून ठेवली आहे. आपल्याकडे गोव्यात, दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, अरबी समुद्राच्या तळातला गाळ काढून त्यातली ही कवचं तपासतात. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स ही जात थंड पाणी वर येतं तिथे फोफावते. अरबी समुद्राच्या पश्चिम भागात ते पाणी वर आणतात मोसमी वारे. म्हणून गाळाच्या कोणत्या थरात ही कवचं किती आहेत त्यावरून हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याचा अंदाज बांधता येतो.

रोमके आणि कशाभिका यांत फरक काय?

दोन्ही म्हणजे पेशीवरचे हलणारे, केसासारखे धागे. बाहेरून फरक लांबीचा, संख्येचा आणि हलण्याच्या तऱ्हेचा. रोमके आखूड आणि पुष्कळ, पॅरामेशियमवर काही हजार. ती वल्ह्यासारखी एका दिशेने फटका मारतात आणि वाकून परत येतात, शेजारच्याशी ताल धरून. कशाभिका लांब आणि मोजक्या, युग्लीना या हिरव्या एकपेशीय जीवाची ठळक दिसते ती एकच. तिच्यातून लाटा जातात.

आतून मात्र दोन्ही एकच आहेत. आडवा छेद घेतला तर कडेला सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्ये दोन सुट्या नलिका. डायनिन नावाचं प्रथिन शेजारच्या जोड्यांना एकमेकींवरून सरकवतं, पण त्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे सरकण्याऐवजी अख्खं रोमक वाकतं. हाच नऊ अधिक दोनचा आराखडा आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरात आहे आणि शुक्रपेशीच्या शेपटीतही.

जिवाणूंनाही कशाभिका असतात. त्या याच का?

नावाखेरीज काहीही सारखं नाही. जिवाणूची कशाभिका फ्लॅजेलिन या प्रथिनाची, पोकळ, मळसूत्री आणि कडक असते. ती वाकत नाही, गरगर फिरते. तिच्या बुडाशी खरोखरची मोटर असते, आणि ती एटीपीवर, म्हणजे पेशीच्या नेहमीच्या इंधनावर, चालत नाही, पटलातून आत येणाऱ्या प्रोटॉनांच्या प्रवाहावर चालते. ई. कोलाय या जिवाणूची मोटर सेकंदाला शंभरच्या आसपास फेरे घेते. ती फिरते हे हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ साली दाखवून दिलं. तोवर जिवाणू शेपूट हलवतात असाच बहुतेकांचा समज होता.

मलेरियाच्या परजीवीला यातलं काहीच नसतं. तो मग कसा हलतो?

घसरत. डासाने चावताना सोडलेला प्लाझमोडियम केळ्यासारखा वाकडा असतो आणि आकार जराही न बदलता त्वचेतून पुढे जातो. पेशीच्या पटलाखाली मायोसिन आणि ॲक्टिन असतातच. बाहेर चिकटलेली प्रथिनं पुढच्या टोकाकडून मागे ओढली जातात आणि पेशी पुढे घसरते. जुन्या पुस्तकांत या गटाला 'हालचालीचे अवयव नसलेले' म्हटलं जायचं. अवयव दिसत नाहीत हे खरं, पण हालचाल चांगली चपळ आहे. फक्त नर युग्मकाला, म्हणजे नर प्रजननपेशीला, कशाभिका असतात, त्याही डासाच्या पोटात.

मेंदू नाही, डोळे नाहीत. कुठे जायचं हे कसं कळतं?

पेशीच्या पटलावरचे ग्राही रेणू भोवतीच्या रसायनांचा वास घेत असतात. ज्या बाजूला रसायन किंचित जास्त, त्या बाजूला ॲक्टिन जास्त जुळतं आणि छद्मपाद तिकडे फुटतो. जखमेकडे जाणारी पांढरी पेशी याच पद्धतीने वाट काढते.

पॅरामेशियमची रीत वेगळी. पुढच्या टोकाला काही आपटलं की कॅल्शियमचे आयन आत शिरतात, रोमकांचा फटका उलटा होतो, जीव थोडा मागे येतो, जरा वळतो आणि पुन्हा पुढे निघतो. पुन्हा आपटला तर पुन्हा तेच. हुशारी म्हणावी असं यात काही नाही, पण अडथळा पार होतो.

अमीबा प्राणी आहे ना?

आजच्या अर्थाने नाही. हलतो आणि गिळतो एवढ्यावर त्याला पूर्वी प्राण्यांत घेतलं जायचं, म्हणून 'आदिजीव' हा प्राणिसृष्टीतला पहिला संघ होता. अडचण युग्लीनासारख्यांनी केली: पोहतो प्राण्यासारखा, प्रकाशसंश्लेषण करतो वनस्पतीसारखं. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र, दोन्ही विभागांनी त्याच्यावर हक्क सांगितला. १८६६ साली एर्न्स्ट हेकेल यांनी अशांसाठी प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी काढली. पुढे १९६९ साली रॉबर्ट व्हिटाकर यांची पंचसृष्टी आली: मोनेरा (म्हणजे जिवाणू), प्रोटिस्टा, कवके (म्हणजे बुरशी-अळंबी), वनस्पती आणि प्राणी. शाळेत हीच शिकवतात.

सार्कोडिना, मॅस्टिगोफोरा, सिलिएटा, स्पोरोझोआ हे चार गट आता का वापरत नाहीत?

ऑटो ब्यूत्श्ली यांनी १८८० च्या दशकात घातलेली ही घडी शंभर वर्षं टिकली, कारण ती सोयीची होती. छद्मपाद असेल तर सार्कोडिना, कशाभिका असेल तर मॅस्टिगोफोरा, रोमके असतील तर सिलिएटा, काहीच नसेल तर स्पोरोझोआ. स्लाइड बघायची आणि खण उघडायचा.

पण चालण्यावरून नातं ठरत नाही. वटवाघूळ, घुबड आणि फुलपाखरू यांचा 'उडणारे' असा वर्ग केला तर जे होईल तेच इथे झालं होतं. छद्मपाद काढून सरकणं ही तऱ्हा सजीवांच्या इतिहासात अनेक वेगळ्या शाखांवर दिसते. नेग्लेरिया या जीवाने तर या पद्धतीची थट्टाच केली आहे. तो एरवी अमीबा असतो. भोवतीच्या पाण्यातले क्षार कमी झाले की साधारण तासाभरात दोन कशाभिका उगवून पोहायला लागतो, आणि नंतर पुन्हा अमीबा होतो. म्हणजे जेवणाआधी सार्कोडिना आणि जेवणानंतर मॅस्टिगोफोरा?

१९७० नंतर रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएची आणि मग जनुकांची तुलना करता येऊ लागली आणि जुने खण एकेक करून मोडले. सिलिएटा तेवढा जवळपास जसाच्या तसा शाबूत राहिला, कारण सगळे रोमकधारी खरोखरच एका पूर्वजाचे निघाले. बाकी सार्कोडिनाचे तर तुकडे तुकडे झाले.

मग आजचं वर्गीकरण कसं आहे?

केंद्रक असलेल्या सगळ्या सजीवांचे काही महागट मानतात. नावं आणि सीमा दर काही वर्षांनी थोड्या हलतात, पण ठळक चित्र असं आहे.

अमीबा प्रोटिअस, एन्टअमीबा, अकँथअमीबा आणि श्लेष्मकवकं अमीबोझोआ या गटात येतात. टी. कॅव्हलिए-स्मिथ यांनी १९९८ साली याला आजचं रूप दिलं. याच्या शेजारची फांदी ऑपिस्थोकाँटांची, आणि तिच्यावर बसले आहेत प्राणी आणि कवके. थोडक्यात, डबक्यातला अमीबा पॅरामेशियमपेक्षा तुम्हाला जवळचा आहे.

पॅरामेशियम आणि मलेरियाचा प्लाझमोडियम एकाच गटात, अल्व्हिओलाटात: पटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर ही त्यांची खूण. फोरॅमिनिफेरा ऱ्हायझेरियात. युग्लीना, नेग्लेरिया आणि काळा आजार देणारा लेश्मानिया डिस्कोबात. आणि न्यूक्लिआरिया नावाचा एक अमीबा थेट कवकांच्या उंबऱ्यावर जाऊन बसतो.

'प्रोटिस्टा' किंवा 'आदिजीव' हे शब्द अजून वापरतात, पण कामापुरते. प्राणी, वनस्पती, कवके यांत न बसणारे उरलेसुरले, एवढाच त्यांचा अर्थ राहिला आहे.

परीक्षेत काय लिहू?

तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे ते. गुण तिथेच आहेत. बीएस्सीच्या पुढे गेलात तर जुने चार गट इतिहास म्हणून लिहा आणि नवे महागट उत्तर म्हणून. शिकवणाऱ्यांना मात्र सुचवावंसं वाटतं, की पंचसृष्टी शिकवताना ती १९६९ सालची आहे हे मुलांना आवर्जून सांगा.

'पोटात अमीबा झालाय' म्हणतात तो हाच का?

तो चुलतभाऊ. डबक्यातला अमीबा प्रोटिअस माणसाला काही करत नाही. आव पाडणारा आहे एन्टअमीबा हिस्टोलिटिका. फ्योदर ल्योश यांनी १८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एका रुग्णाच्या शौचात तो आढळल्याचं प्रसिद्ध केलं. दूषित पाण्यातून, कच्च्या भाज्यांतून किंवा न धुतलेल्या हातांतून त्याची चार केंद्रकांची पुटी पोटात जाते, आतड्यात फुटते आणि त्यातून सरपटणारे अमीबा बाहेर पडतात. बऱ्याच जणांना काहीच त्रास होत नाही. काहींना रक्त-शेम पडते, आणि थोड्यांच्या बाबतीत तो रक्तावाटे यकृतात जाऊन गळू करतो. आतड्याच्या पेशींचे तो जिवंतपणीच लचके तोडतो, हे २०१४ साली सूक्ष्मदर्शकाखाली पकडलं गेलं.

रिपोर्ट वाचताना एक ध्यानात घ्या. एन्टअमीबा डिस्पार नावाचा निरुपद्रवी जोडीदार याच्यासारखाच हुबेहूब दिसतो. दोन वेगळ्या जाती आहेत हे एमिल ब्रुम्प्त यांनी १९२५ साली सांगितलं होतं. फारसं कुणी ऐकलं नाही आणि १९९३ साली ते अधिकृतपणे मान्य झालं. नुसत्या पुट्या दिसल्या म्हणजे आजार असं नव्हे. अमीबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या किंवा प्रतिजन (त्याची खास प्रथिनं) वा पीसीआर (त्याचा डीएनए) शोधणारी तपासणी झाली तर खात्री होते. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या नकोत. नळाच्या पाण्यात असतं तेवढ्या क्लोरीनला पुटी दाद देत नाही. उकळलं की मरते.

आणि 'मेंदू खाणारा अमीबा'?

तो नेग्लेरिया फाउलेराय, वर ज्याने वर्गीकरणाची थट्टा केली त्याच्याच वंशातला. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फाउलर आणि कार्टर यांनी १९६५ साली याच्या रुग्णांचं वर्णन केलं. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अशा संसर्गाचे रुग्ण सापडले आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवर घबराट पसरली. नेग्लेरियाच्या बाबतीत वस्तुस्थिती अशी: तो कोमट गोड्या पाण्यात राहतो, ४५ अंशांच्या आसपासही तगतो. प्यायल्याने संसर्ग होत नाही, माणसाकडून माणसाला होत नाही. पाणी नाकात जोराने शिरलं तरच तो गंधाच्या चेतातंतूंवरून मेंदूत पोचू शकतो. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेक रुग्ण दगावतात. साचलेल्या कोमट पाण्यात सूर मारू नका. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको. पोहून आल्यावर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं असं झालं तर पोहल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि अमीबाचा काय संबंध?

अकँथअमीबा माती, धूळ, नळाचं पाणी, सगळीकडे असतो. लेन्स नळाच्या पाण्याने धुतल्या किंवा घालून अंघोळ केली तर तो लेन्सखाली अडकून बुबुळावर जखम करू शकतो. उपचार महिनोन्‌महिने चालतो. लेन्ससाठी दिलेलं द्रावणच वापरा.

अमीबा अमर असतो का?

एकाचे दोन होतात, मागे मृतदेह राहत नाही, या अर्थाने. अमीबा प्रोटिअसचं विभाजन साधारण अर्ध्या तासात उरकतं. पण भुकेने, उन्हाने, शिकाऱ्याच्या तोंडी पडून अमीबे रोज मरतात. अमरत्वाची गोष्ट वर्गात टाळ्या घेते, यापलीकडे तिच्यात फार काही नाही.

अमीबे एकत्र येऊन शरीर बनवतात हे खरं?

खरं. डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम हा मातीतला अमीबा, श्लेष्मकवकांपैकी एक, केनेथ रेपर यांना १९३३ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या जंगलात सापडला. पोटाला जिवाणू मिळतात तोवर प्रत्येक जण आपापला. उपासमार झाली की पेशी चक्रीय एएमपी हे रसायन सोडू लागतात, शेजारचे त्या दिशेने सरपटतात आणि स्वतःही तेच सोडतात. लाटांवर लाटा उठतात आणि लाखभर अमीबे एका ढिगात जमतात. ढिगाची दोन-चार मिलिमीटरची अळी होते, ती उजेडाकडे सरकते, मग उभी राहते. साधारण पाचवा हिस्सा पेशी देठ होऊन मरतात, बाकीच्या वर बीजाणू होतात. मरणारे कोण हे कसं ठरतं, यावर अजून भांडणं आहेत.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कुजक्या ओंडक्यांवर पिवळाधमक लिबलिबीत थर दिसतो, ती बहुधा दुसऱ्या प्रकारची श्लेष्मकवकं असतात. तो थर म्हणजे असंख्य केंद्रकांची एकच पेशी. त्याच प्रकारच्या फायसारम नावाच्या जातीने जपानमध्ये २००० साली चक्रव्यूहातली सगळ्यात जवळची वाट काढून दाखवली होती.

अमीबाला आजार होतात का?

होतात, आणि त्यातून एक मोठा शोध लागला. १९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात जिवाणूसारखं काहीतरी सापडलं. २००३ साली कळलं की तो महाकाय विषाणू आहे, मिमिव्हायरस. त्यानंतर जगभर अमीबाला आमिष म्हणून वापरून असे विषाणू शोधायची टूम निघाली. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी शहरातलं सांडपाणी आणि तलावाचं पाणी तपासलं, आणि हाती लागलेल्या विषाणूंना नावं दिली कुर्ला व्हायरस, पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस. लोकलच्या इंडिकेटरवर शोभतील अशी.

अमीबाचा जीनोम माणसापेक्षा मोठा असतो म्हणे?

जीनोम म्हणजे पेशीतला सगळा डीएनए. माणसाचा सुमारे ३ अब्ज अक्षरांचा, आणि अमीबा डुबियाचा ६७० अब्ज, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो १९६० च्या दशकातल्या रासायनिक मापनातून आला आहे आणि आज त्यावर भरवसा ठेवत नाहीत: गिळलेल्या भक्ष्याचा आणि आतल्या जिवाणूंचा डीएनएही त्यात मोजला गेला असणार. डिक्टिओस्टेलियमचा २००५ साली वाचलेला जीनोम ३.४ कोटी अक्षरांचा आहे.

जिवंत अमीबा बघायचा कसा?

कॉलेजच्या गुलाबी रंगवलेल्या कायमस्वरूपी स्लाइडवर अमीबाचं प्रेत असतं. हालचाल बघायची तर डबक्यातून आणा. पाण्याच्या वरचा थर नको, तळाची कुजकी पानं आणि थोडा गाळ घ्या. रुंद तोंडाच्या बरणीत टाका, उकळलेले चार गव्हाचे दाणे घाला, सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका. आधी जिवाणू वाढतील, मग पॅरामेशियमसारखे पोहणारे, आणि त्यांच्या मागून त्यांना खाणारे अमीबे.

ड्रॉपरने तळाचा थेंब घ्या. कव्हरस्लिपखाली केसाचे दोन तुकडे ठेवा किंवा चार कोपऱ्यांना व्हॅसलिन लावा, नाहीतर अमीबा चेंगरतो. १० च्या ऑब्जेक्टिव्हवर सुरुवात करा आणि डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, बराच बंद करा. लख्ख उजेडात अमीबा पारदर्शक होऊन नाहीसा होतो, नव्वद टक्के मुलांना तो याचमुळे सापडत नाही. करड्या, दाणेदार, कचऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्यावर थांबा. ढवळला गेलेला अमीबा गोळा होऊन बसतो, दोन-चार मिनिटं त्याला सावरू द्या. एका कडेला स्वच्छ फुगवटा आला आणि त्यामागे कण धावले की तोच. मग त्याच्यात एक गोल बुडबुडा शोधा, जो हळूहळू फुगतो आणि एकदम नाहीसा होतो. ती आकुंची रिक्तिका, आत झिरपलेलं पाणी बाहेर फेकणारी.

मोबाइलचा कॅमेरा आयपीसला लावून व्हिडिओ घ्या आणि आठपट वेगाने चालवून बघा, ओघ फार सुंदर दिसतो. बरणीतलं पाणी झाडांना घातलं तरी चालतं. हात मात्र साबणाने धुवा, आणि ते पाणी डोळ्यांना लागू देऊ नका.